शिकारीचा बेत

आमच्या घरात शस्त्र म्हणून दाखविता येईल अशी वस्तू एकच, ती म्हणजे विळी. आणि तीवरही आमचा अधिकार चालत नाही. पेणच्या महाविद्यालयात तीस वर्षे मुलांस इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या, चष्म्यावाचून शेजारच्या गृहस्थासही न ओळखणाऱ्या आम्हां पामराने 2024 सालच्या भाद्रपदात शिकारीचा बेत केला, आणि तोही ठासणीच्या बंदुकीने, हे ऐकून वाचकांस हसू आले तर त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या सहाध्यापकांसही ते आले होते. आम्ही स्वतः मात्र त्या वेळी हसत नव्हतो. आता त्या बेताची हकीकत सांगावयास बसलो आहो, तीही केवळ करमणुकीसाठी नव्हे.

ती बंदूक आमची नव्हे, आमच्या चुलतभावाची. रोह्याच्या पश्चिमेस, चणेऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचे मूळ गाव आहे. तेथील घराच्या माजघरात, देव्हाऱ्याच्या उलट्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आमचे काका, ज्यांस घरात सर्व जण आप्पा म्हणत, त्यांच्या नावे तिचा परवाना होता. त्यांच्यामागे तो दादाच्या नावे झाला. शेताच्या राखणीसाठी दिलेला हा परवाना. 1878 साली लिटनसाहेबाने हत्यारांचा कायदा करून हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले, हे आपण शाळेत शिकतो. परंतु स्वराज्यात झालेल्या 1959 च्या कायद्यात पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे आम्हांस या बेताच्या निमित्तानेच कळले. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी तरी रात्री शेतावर जागले असले पाहिजे, असे ते कलम वाचून आमच्या मनात आले.

ज्यांनी काडतुसाचीच बंदूक पाहिली आहे, त्यांना ठासणीच्या बंदुकीचा स्वभाव कळावयाचा नाही. प्रथम नळी कोरडी करावयाची. कोकणात हे पहिलेच काम कठीण. मग मापाने दारू ओतावयाची. ही काळी दारू म्हणजे तीन हिश्शांहून अधिक नव्हे, पण तीन चतुर्थांश सोरा, आणि उरलेल्यात कोळसा व गंधक. तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासावयाचे. मग गोळी किंवा छरे. वर पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. शेवटी घोडा जेथे पडतो त्या तोंडावर केप बसवावयाची आणि देवाचे नाव घ्यावयाचे. एवढे करून बार एकच. तो उडाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो, आणि तो विरेपर्यंत जनावर पडले की पळाले हेही समजत नाही. दुसरा बार भरीपर्यंत जनावराला पुढच्या गावच्या शिवेत जाण्यास पुरेसा अवकाश मिळतो.

म्हणूनच आप्पा सांगत, की ठासणीच्या बंदुकीला नेमापेक्षा सबुरी अधिक लागते. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे 1972 चा वन्य प्राण्यांचा कायदा होण्यापूर्वी, एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यांनी लांबून एका सांबरावर बार टाकला. जनावर जखमी होऊन रानात शिरले. आप्पा आणि त्यांच्याबरोबरचा एक कातकरी दोन दिवस त्याच्या मागावर हिंडले. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत सापडले, पुढे सापडले नाहीत. ही गोष्ट ते क्वचितच सांगत, आणि सांगताना सांबर केवढे होते याचे वर्णन कधी करीत नसत. त्यानंतर तीस पावलांच्या पलीकडच्या जनावरावर त्यांनी घोडा दाबला नाही. रागावले म्हणजे ते आम्हां मुलांस म्हणत, "अरे, मारायचं तर जवळ जा. नाही तर घरी बस."

2024 च्या गणपतीस आम्ही सहकुटुंब गावी गेलो. पेण हे गणपतींचे गाव. येथे आषाढापासून रंगाचा वास रस्त्यावर येतो. तरी आमचा स्वतःचा गणपती मूळ घरी बसतो आणि मूर्ती मात्र पेणहून जाते. ती मांडीवर सांभाळीत, नागोठण्यावरून भिसे खिंड उतरून रोह्यास जावयाचे, ही आमची वहिवाट. ऋषिपंचमीच्या दिवशी दुपारी दादा आम्हांस शेतावर घेऊन गेला. भात नुकते निसवू लागले होते. रानाकडच्या तीन खाचरांचा बांध त्याने पायाने दाखविला. माती नांगरल्यासारखी उलटली होती.

"डुकरं," तो म्हणाला. "गेल्या साली अर्धं भात लोळवलं. खातात थोडं, लोळवतात फार. दाणा भरला की यंदा पुन्हा येणार."

"मग बंदूक आहे ना?" आम्ही विचारले.

"बंदूक आहे, पण डुकरावर टाकायला वनखात्याचा कागद लागतो. अर्ज करावा लागतो. तेवढा तू लिही. तुला लिहिता येतं." आणि थोडे थांबून त्याने पुस्ती जोडली, "पण निवडणुकीच्या आत उरक. विधानसभेची लागली की बंदूक ठाण्यात जाते."

दादाने सांगितले ते अक्षरशः खरे होते. 1972 च्या कायद्यात असे कलम आहे, की विशिष्ट वर्गातील प्राणी मनुष्याच्या जिवास किंवा मालमत्तेस, शेतातील उभ्या पिकासुद्धा, घातक झाला असेल, तर अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर त्यात येते. सांबर, भेकर यांचे नाव काढावयाचे नाही. म्हणजे आमच्या बेताला कायद्यात जागा होती, भिंतीवर बंदूक होती, बांधावर खुरांचे ठसे होते. उणा होता तो केवळ एक कागद. आणि कागद ही तर आमची मिरासदारी! आम्ही मोठ्या उत्साहाने ते काम अंगावर घेतले.

पेणला परतल्यावर जे सुख आम्ही भोगले त्याचे वर्णन करणे कठीण आहे. ज्याला बेत करण्याचे व्यसन आहे त्यालाच ते समजेल. आम्ही एक नवी वही घेतली. तिच्या पहिल्या पानावर शेताचा नकाशा काढला; खाचरे, ओढा, रानाची कड, माळा कोठे बांधावयाचा, हाकारे कोठून यावयाचे, सर्व लाल-निळ्या शाईने दाखविले. पंचांग पाहून कोजागरीची रात्र मुक्रर केली, कारण चांदण्यावाचून ठासणीच्या बंदुकीची माशी दिसत नाही. पुढे वाचन सुरू झाले. सिलोनमध्ये शिकार करणाऱ्या सॅम्युअल बेकरने 1854 साली लिहिलेल्या पुस्तकात जागोजाग 'एल्क' येतो. हा एल्क म्हणजे आपलेच सांबर, हे कळून आम्हांस आप्पांची आठवण झाली. खरा अमेरिकन एल्क निराळा. तो हरणाच्याच कुळातला, पण घोड्याएवढा. त्याच्या शिकारीसाठी कोलोराडो संस्थानात आजही सप्टेंबर महिन्यात ठासणीच्या बंदुकीचा नऊ दिवसांचा खास हंगाम असतो. दुर्बिणीची माशी चालत नाही. साध्या डोळ्यानेच नेम धरावा लागतो. माणसे सरकारी रानात मैलोगणती चालत जातात, वारा पाहतात, पाणवठे पाहतात, आणि एका बारासाठी आठवडा घालवितात. सप्टेंबरातल्या या शिकारीच्या परवान्यासाठी त्यांना एप्रिलच्या आरंभीच अर्ज टाकावा लागतो, हेही आम्ही वहीत टिपून ठेवले. टिपून ठेवले, एवढेच. वाचलेल्या गोष्टीपासून बोध घेण्याची सवय शिक्षकाला नसते. तो ती दुसऱ्यास सांगण्यासाठी वाचतो.

मध्यंतरी एका रविवारी आम्ही पुन्हा गावी जाऊन आलो. दादाने वाडीवरच्या एका वृद्ध कातकऱ्यास बोलाविले होते. आम्ही वही उघडून नकाशा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बराच वेळ पाहिला, मग ओढ्याच्या बाजूस बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, माळा हितं कशाला? रातचा वारा डोंगरावरनं खाली येतो. डुकर वाऱ्याला नाक देऊन चालतो. तो खालच्या अंगानं यील. तुमी वरती बसून करनार काय?" आमच्या लाल-निळ्या नकाशाचा निकाल एका वाक्यात लागला. त्याने मग बांधावर नेऊन नवे व जुने खूर, मादीचे व पिलांचे खूर, अंग घासलेल्या झाडाची साल, अशी सर्व बाराखडी आम्हांस दाखविली. निघताना तो म्हणाला, "कागद आला का?" आम्ही म्हणालो, "लिहिणे चालू आहे."

हा मनुष्य ज्या रानाकडे पाठ करून उभा होता त्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. पलीकडचे हे केसोलीचे रान जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. ऐन, किंजळ, अंजनी यांची दाटी, हाताएवढ्या शेंगांच्या गारंबीच्या वेली, आणि उन्हाळ्यातही पाणी धरणाऱ्या जागा, ज्यांना तिकडे गाण म्हणतात. एका माणसाच्या बंदुकीसाठी इतरांस बंद ठेवल्यामुळे ते टिकले. संस्थान 1948 साली विलीन झाले. 1986 साली त्याच रानाचे फणसाड अभयारण्य झाले, आणि आता ते सर्वच बंदुकांना बंद आहे. शेकरू, पिसोरी, भेकर, बिबट्या तेथे सुखाने नांदतात, आणि तेच योग्य आहे. म्हाताऱ्याचा बाप नवाबाच्या शिकारीत हाकाऱ्याचे काम करी. रान उठवावयाचे त्याने, जनावर पाडावयाचे दुसऱ्याने. 2006 साली वनहक्कांचा कायदा झाला आणि रानावरचे परंपरागत हक्क पुष्कळ अंशी मान्य झाले. त्यातून पारधीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला आहे. रानातल्या जनावरांचे खूर वाचता येतात त्याला, बंदुकीचा परवाना आहे दादाला, आणि कायद्याची भाषा येते आम्हांला. तिघांचे मिळून एक डुकरांपासून वाचविलेले शेत व्हावयाचे होते. त्यांपैकी दोघे तयार होते.

आता अर्जाविषयी. पहिला मसुदा आम्ही गणपतीहून आल्यावर चौथ्या दिवशी केला. तो तीन पानांचा झाला. पण तो वाचता त्यात शेतकऱ्याच्या दुःखाचे चित्र नीट उमटलेले नाही असे आम्हांस वाटले. दुसऱ्या मसुद्यात आम्ही दोन्ही कायद्यांचा इतिहास घातला. तिसऱ्यात कोकणातील शेती पड का राहते याची मीमांसा केली. चौथा पाच पानांचा होऊन त्यातील एक परिच्छेद आमचा आम्हांसच इतका आवडला, की आम्ही तो सहाध्यापकांस वाचून दाखविला. मग परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले आणि वही त्यांच्याखाली गेली. आमच्या सौ. दर दोन दिवसांनी विचारीत, "अर्ज गेला का?" आम्ही म्हणत असू, "अजून शेवटचा हात फिरवावयाचा आहे." त्या म्हणाल्या, "डुकरं शेवटच्या हाताची वाट पाहत नाहीत." हे वाक्य आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले. अखेर दसऱ्याच्या आदल्या दिवशी अर्ज टपालात पडला. गणपती उठून महिना होत आला होता.

15 ऑक्टोबर 2024 रोजी निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागली. दादा नेमस्त मनुष्य. त्याने दुसऱ्याच सकाळी बंदूक फडक्यात गुंडाळून ठाण्यात जमा केली आणि पावती आणली. दोनच दिवसांपूर्वी रोह्यास धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना पाहून तो आला होता. "देवाला बंदुका दाखवून आलो आणि आपली देऊन आलो," असे तो टेलिफोनवर म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

कोजागरीस आम्ही गेलोच. वहीत ती रात्र मुक्रर होती, आणि बेत मोडण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. माळा म्हाताऱ्याने सांगितलेल्या जागी, खालच्या अंगास बांधला होता. दादा, आम्ही आणि तो म्हातारा, तिघे घोंगड्या घेऊन वर बसलो. जवळ एक पत्र्याचा डबा, एक गोफण आणि एक विजेरी. वहिनींनी दुधाचा थर्मास दिला होता. तो कोणी उघडला नाही. चांदणे असे पडले होते की भाताच्या लोंब्या मोजाव्या. मध्यरात्र उलटल्यावर म्हाताऱ्याने आमच्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्हांस काही दिसले नाही. प्रथम ऐकू आले. ओल्या कापडाची चिंधी फाडावी तसा, हलका, थांबून थांबून येणारा आवाज. लोंब्या ओरबाडल्या जात होत्या. मग बांधाच्या सावलीतून काळे ठिपके सुटे झाले. मोठी पाच-सहा, मागे पिले. सर्वांत जवळचे जनावर माळ्यापासून वीस पावलांवर असेल. आप्पांच्या हिशेबाने दहा पावले आतच.

दादाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. आम्ही त्या हातांकडे पाहिले आणि मान फिरविली.

मग त्याने डबा बडविला, म्हाताऱ्याने आरोळी ठोकली, आम्हीही ओरडलो. डुकरे रानात गेली. तासाभराने ती दुसऱ्या बाजूने आली. पुन्हा डबा, पुन्हा आरोळी. तिसऱ्या वेळी त्यांनी डब्याकडे लक्षही दिले नाही. पहाटे खाली उतरून पाहिले तो तीन खाचरांतले भात हत्ती लोळल्यासारखे भुईसपाट झाले होते.

कचेरीने आपले काम रीतसर केले, हे येथे सांगितले पाहिजे. आमचा अर्ज पोहोचून आठवडाभरातच वनखात्याचा एक तरुण मनुष्य पाहणीस आला. तो सभ्य होता. त्याने आमची पाचही पाने वाचली होती, किंबहुना भाषेची स्तुतीही केली. त्याने शेत पाहिले आणि म्हणाला, "साहेब, परवानगी उभ्या पिकाच्या रक्षणासाठी असते. येथे उभे पीक कोठे आहे?" नुकसानभरपाईची सोय आहे, असे त्याने सांगितले, पण नुकसान झाल्यापासून ठराविक मुदतीत कळवावे लागते, आणि ती मुदतही टळली होती. पाच पानांत आम्ही सर्व काही लिहिले होते. पीक कोणत्या पंधरवड्यात कापणीस येईल, एवढे मात्र लिहिण्याचे राहून गेले होते. "महिनाभर आधी एक ओळ आली असती तरी पुष्कळ होते," तो निघताना म्हणाला. दादा त्याला रस्त्यापर्यंत पोहोचवावयास गेला. परत येऊन तो आम्हांस एक शब्दही बोलला नाही. चहा घे, म्हणाला.

दरवर्षी दिवाळीनंतर गावाहून आमच्याकडे नव्या तांदळाची एक गोणी येते. आप्पांच्या वेळेपासूनची ही चाल आहे. त्या वर्षी येणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो. कार्तिकात दादा कामासाठी पेणला आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती. पायलीभर तांदूळ असतील. "वहिनीने दिलेत," तो आमच्या सौ.ना म्हणाला, आणि जरा ओशाळून, "यंदा आम्हांलाच विकत घ्यावे लागणार, म्हणून कमी." सौ.नी ते तांदूळ नेहमीच्या डब्यात ओतले नाहीत. वेगळ्या बरणीत ठेवले, आणि ती बरणी आमच्या टेबलासमोरच्या फळीवर ठेवली. यात त्यांचा काही हेतू होता की नाही हे आम्ही विचारले नाही.

त्या बरणीसमोर बसून आम्ही पुष्कळ विचार केला. शिकलेल्या माणसाचा एक खास दोष असा आहे, की त्याला कामापेक्षा कामाची पूर्वतयारी अधिक प्रिय असते, आणि ती जितकी सुबक होते तितके काम झाल्याचे समाधान त्यास आयतेच मिळते. दादाने आमच्याकडे एक कागद मागितला होता. आम्ही त्यास वाङ्मय दिले. ठासणीच्या बंदुकीत बार एकच असतो हे आम्ही जन्मभर ऐकले होते. आमच्या हाती असलेला एकुलता बार म्हणजे तो अर्ज. आणि आम्ही महिनाभर दारूवर बोळा, बोळ्यावर दारू असे ठाशीतच बसलो. आप्पांचा नियम आम्हीही मोडला होता. फरक इतकाच, की त्यांच्या हातून जखमी झालेल्या सांबराच्या मागे ते दोन दिवस हिंडले. आम्ही दिवाळीच्या सुटीत कोठे हिंडलो?

2025 च्या पावसाळ्यात दादाने रानाकडची ती तीन खाचरे लावली नाहीत. पड ठेवली. "पुढचं पुढं," म्हणाला. उरलेल्यात भात लावले. श्रावणाच्या अखेरीस एका रात्री त्याचा टेलिफोन आला. पडीतून पुढे सरकून खुरांचे ठसे आता दुसऱ्या बांधावर आले होते. तो आणखी काही बोलणार तोच आम्ही विचारले, "भात कापणीला कधी येईल?" त्याने पंधरवडा सांगितला. आम्ही लिहून घेतला.

अर्ज त्याच रात्री झाला. शेताचा गट, पिकाचे नाव, ठसे दिसल्याचा दिवस, कापणीचा पंधरवडा, परवान्याचा क्रमांक, विनंती. चार ओळी. सकाळी पहिल्या एस.टी.ने आम्ही गावी गेलो, दादाची सही घेतली, दोघे मिळून कचेरीत गेलो आणि अर्ज देऊन पोच घेतली. बाहेर आल्यावर दादाने आपल्याकडची प्रत उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"एवढाच?" त्याने विचारले.

"एवढाच," आम्ही म्हणालो.

घरी येऊन त्याने ती पोच घडी करून बंदुकीच्या पट्ट्यात खोवली, आणि वहिनींस म्हणाला, "याला जेवायला वाढ. शेवटच्या गाडीपर्यंत थांबणार आहे तो. माळा बांधून घ्यायचाय."

गजाला गंज चढला होता. दुपारभर आम्ही तो घाशीत बसलो.